मागणीचे कसब आणि मुळाची विद्या
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगी गत पिढ्यांची थोरवी गाणारे वक्ते आपणांस पुष्कळ लाभले. आम्हांस मात्र सभेच्या चालकांनी पुढील पिढीविषयी दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली आहे. ज्या हुन्नराला बाजारात मागणी आहे तो शिकून आपल्या तरुणांनी आपली स्थिती कशी सुधारावी, हा आजचा विषय होय. विषय पोटापाण्याचा आहे म्हणून तो हलका, असे कोणी समजू नये. निवड फसली म्हणजे मुलाची उमेदीची दोन वर्षे जातात आणि शुल्कापायी आईच्या पाटल्या सावकाराकडे जातात. पाटल्या एक वेळ सोडवून आणिता येतील. वर्षे कोठून सोडवून आणावयाची?

आमचे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. मागणी असलेले कसब अवश्य शिकावे. परंतु प्रत्येक कसबाचे दोन भाग असतात, हे ध्यानात ठेवून शिकावे. एक भाग यंत्राचा व दुसरा विद्येचा. यंत्राचा भाग नोकरीचे दार उघडतो. विद्येचा भाग त्या घरात आपणांस टिकवितो व वर चढवितो. जो पहिल्यावरच संतुष्ट झाला, त्याची भाकरी त्या यंत्राच्या आयुष्याएवढीच.

याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. मुंबईच्या कचेऱ्यांत टंकलेखन व लघुलेखन या दोन कसबांनी आपल्या समाजातील किती घरे उभी केली, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्या मंडळींस ठाऊकच आहे. आयझॅक पिटमन यांनी आपली लघुलेखनपद्धती १८३७ साली इंग्लंडात प्रसिद्ध केली. तीच पद्धती पुढे आपल्याकडील मुलामुलींनी मोठ्या चिकाटीने आत्मसात केली. १९५५ साली गोदरेजने देशी बनावटीचे टंकलेखनयंत्र तयार केले, आणि गल्लोगल्लीच्या टंकलेखनवर्गांत त्याचा खडखडाट ऐकू येऊ लागला. ज्या मुलीची बोटे यंत्रावर चपळ आणि जिचे लघुलेखन बिनचूक, तिला फोर्टातील कचेरीचे दार बंद राहत नसे.

पुढे संगणक आला. साहेब आपली पत्रे आपणच लिहू लागला. टंकलेखनयंत्रांचे कारखाने एकामागून एक थांबले, आणि शासनाच्या टंकलेखन परीक्षाही अखेर संगणकावर गेल्या. या पालटात ज्यांची सारी विद्या बोटांच्या अग्रांत होती, त्यांस मागे पडावे लागले. परंतु ज्यांनी त्याच खुर्चीवर बसून पत्राचा मसुदा कसा करावा, सभेचे इतिवृत्त कसे लिहावे, कागदपत्रे कोणत्या क्रमाने लावावी, कोणत्या माणसाशी कोणत्या शब्दांत बोलावे, हे शिकून घेतले होते, त्यांस संगणक हे केवळ दुसरे यंत्र वाटले. कळफलकाची सवय त्यांच्या बोटांस होतीच; डोक्यातील विद्या तर कोणी काढून घेऊ शकत नव्हते.

हीच गोष्ट आता पुन्हा घडत आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी लोकांपुढे आल्यापासून संगणक मजकूर रचतो, भाषांतर करतो, हिशेबाचे तक्तेही मांडतो. तो जे मांडतो ते कित्येकदा चुकीचेही असते, आणि ती चूक मोठ्या ऐटीत मांडलेली असते. ती पकडणार कोण? ज्यास त्या विषयाचे मूळ ठाऊक आहे तोच. म्हणून नव्या यंत्राला भिऊ नये, त्यापासून दूरही राहू नये. ते वापरण्यास शिकावे. परंतु जमाखर्च न समजता जमाखर्चाचे यंत्र चालविणारा, आणि भाषा न समजता भाषांतराचे यंत्र चालविणारा, यांची जागा भरवशाची नव्हे.

आता निवड कशी करावी? कोणत्याही वर्गात नाव घालण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे, अशी आमची सूचना आहे.

पहिला प्रश्न: मागणी खरोखरीची आहे, की भिंतीवरील जाहिरातीतली? वर्ग चालविणारा मागणी सांगतो ती आपल्या वर्गाची. मालक मागणी करतो ती कामाची. म्हणून एक महिनाभर नोकरीच्या जाहिराती वाचून, कोणती पात्रता वारंवार मागितली जाते त्याचे टिपण करावे. त्या धंद्यात प्रत्यक्ष असलेल्या दोघांस गाठून विचारावे, पहिल्या वर्षी काय मिळते आणि पाच वर्षांनी काय मिळते? ‘नोकरीची हमी’ देणाऱ्यास ती हमी कागदावर मागावी, आणि गेल्या वर्षीचे विद्यार्थी आज कोठे आहेत, हेही विचारावे. परदेशी पाठविण्याचे आश्वासन देणारा दलाल १९८३ च्या परदेशगमन कायद्याप्रमाणे नोंदलेला आहे की नाही, हे पाहिल्यावाचून त्याच्या हाती पैही ठेवू नये.

दुसरा प्रश्न: हातात काम मिळेल काय? पोहण्याचे पुस्तक वाचून कोणी खाडी पार केलेली नाही. आपल्या देशात १९५० साली कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू झाली, आणि तिच्यातून औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपण ज्यांस आयटीआय म्हणतो त्या, वाढल्या. तेथे वीजतंत्री व जोडारी यांचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, संधात्याचा एक वर्षाचा. शुल्क माफक, आणि दिवसाचा बराच वेळ कार्यशाळेत जातो. पुढे १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यान्वये कारखान्यात उमेदवारी करिता येते. तिच्यात विद्यावेतनही मिळते आणि अनुभवही.

उमेदवारीला कायद्याचा आधार का हवा, हे सांगण्यास संत जॉन बॉस्को यांचे उदाहरण पुरेसे आहे. ट्यूरिन शहरात १८५१-५२ च्या सुमारास त्यांनी आपल्या गरीब मुलांसाठी मालकांशी लेखी करार केले. मालकाने मुलास धंदाच शिकवावा, घरगड्याची कामे सांगू नयेत, चुकल्यास शब्दांनी समजवावे, मारू नये, सणाच्या दिवशी विश्रांती द्यावी, अशा त्यांतील अटी होत्या. शिकणाऱ्याचा वेळ हेच त्याचे भांडवल, आणि ते कोणी फुकट वापरू नये, हे त्या पुरुषाने ओळखले होते. आजही जेथे शिकाऊ मुलास वर्षभर केवळ चहा आणावयास लाविले जाते, तेथे उमेदवारी नव्हे, वेठ चालू आहे, असे आम्ही म्हणू.

तिसरा प्रश्न: या कसबाला जोड कशाची देता येईल? एकच कसब असणारे पुष्कळ असतात; दोन कसबांचा मेळ घालणारे थोडे, आणि मोल थोड्यांनाच येते. २०२४ साली सुरू झालेल्या सूर्यघर योजनेने देशातील एक कोटी घरांच्या छपरांवर सौरवीज नेण्याचे लक्ष्य ठेविले. आता जो वीजतंत्री सौरपटल बसविणे शिकेल, त्याचे काम वाढेल. तद्वतच परिचारिकेचे. जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी महाराष्ट्र शासनाने कुशल मनुष्यबळाविषयी २०२४ साली करार केला. परंतु त्या देशात रुग्णसेवा करू इच्छिणारीस रुग्णाचे दुखणे त्याच्या भाषेत समजले पाहिजे, आणि म्हणून तेथे जर्मन भाषेची परीक्षा आड येते. सेवा व भाषा या दोन्ही जिला येतात तिला मागणी. एकच येते तिला प्रतीक्षा. हिशेबनीसाने २०१७ पासून लागू झालेला वस्तू व सेवा कर नीट समजून घेतला, तर आसपासचे दहा दुकानदार त्याची वाट पाहतील.

येथे काही आक्षेप येतील, ते आम्हांस ठाऊक आहेत. कोणी म्हणतील, मुलगा पदवीधर झाला, आता त्याने हात काळे करावयाचे काय? पदवी आणि कसब या सवती नव्हेत. एका घरात सुखाने नांदतात. आणि हात काळे होण्याची लाज कसली? ज्या वाडवडिलांनी हे मंदिर उभारले, त्यांचे हात काही पांढरे नव्हते. दुसरे कोणी म्हणतील, आमचे वय झाले. चाळिशीच्या माणसाजवळ धंद्याची जाण असते, केवळ नवे साधन नसते. त्याचे अर्धे काम झालेलेच आहे. २०१७ साली सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या सरकारी व्यवस्थेवर नामांकित प्राध्यापकांचे पाठ घरबसल्या विनाशुल्क ऐकता येतात. प्रमाणपत्राच्या परीक्षेपुरतेच शुल्क पडते. रोज रात्री एक तास, आणि तो सहा महिने न चुकता, एवढी तयारी मात्र पाहिजे. आणि ज्या भगिनींनी संसारापायी काम सोडले, त्यांस हा तास मिळावा म्हणून घरातील पुरुषांनी भांडी घासली, तर त्यांच्या प्रतिष्ठेस काही बाध येणार नाही.

शेवटी एक विनंती करून आम्ही आपली रजा घेतो. या सभेत वीजतंत्री आहेत, परिचारिका आहेत, हिशेबनीस आहेत, शिंपी व सुतार आहेत, संगणकाच्या कचेऱ्यांत काम करणारेही आहेत. प्रत्येकाने येत्या सुट्टीत शेजारच्या एका मुलास किंवा मुलीस आठवडाभर आपल्या कामावर सोबत न्यावे, आणि काम कसे चालते, पगार कसा वाढतो, कोठे ठेच लागते, हे त्यास खरेखुरे सांगावे. मालकाची परवानगी मिळत नसेल, तर पॅरिशच्या सभागृहात महिन्यातून एक सायंकाळ बसून सांगावे. यास पैसा लागत नाही. ज्या मुलाला कोणी ओळखीचे नाही, त्याला जाहिरातीवाचून दुसरा सल्लागार नसतो. तो सल्लागार आपण व्हावे.