दमसास आणि घरातील यंत्र

१९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लंडनच्या बसगाड्यांवरील नोकरवर्गाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. शहर एक, खाते एक, राहणीही जवळपास एकच. परंतु चालक दिवसभर चक्रापुढे बसलेला, तर वाहक दुमजली गाडीच्या जिन्यावरून सारखा खालीवर करणारा. दिवसाकाठी त्याच्या पाचशे ते साडेसातशे पायऱ्या सहज होत. या वाहकांत हृद्रोगाचे प्रमाण चालकांपेक्षा कमी आढळले. ज्यांना तो जडला त्यांनाही उशिरा व सौम्य स्वरूपात जडला. पुढे १९५६ साली याच मंडळींनी गणवेशांची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारी कमरेला मुळातच अधिक रुंद असल्याचे दिसून आले. सबब सगळे श्रेय जिन्याच्या पदरात टाकता येत नाही. तथापि पाय हलते ठेवणाऱ्याचे हृदय अधिक काळ साथ देते, हा मुख्य निष्कर्ष नंतरच्या संशोधनातही टिकून राहिला आहे.

घरात व्यायामाचे यंत्र आणावे की नाही, आणि आणावे तर कोणते, हा प्रश्न या वाहकाच्या जिन्यापासूनच सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाला आठवड्यास दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम श्रमाची, अथवा पंचाहत्तर ते दीडशे मिनिटे जोरकस श्रमाची हालचाल हवी. मध्यम श्रमाची खूण अगदी सोपी आहे : बोलता यावे, पण गाता येऊ नये. हृदयाला हे श्रम पायाखालच्या पट्ट्याने मिळाले की घराच्या जिन्याने, याची चौकशी नसते. आपल्या आखाड्यांनी बळाची उपासना केली, हे खरे. पण औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी ज्यांचा हिरिरीने प्रसार केला ते सूर्यनमस्कार न थांबता, लयीत घातले तर दमसासाचीही उत्तम कसोटी घेतात, आणि त्यांना सतरंजीपलीकडे काही लागत नाही.

मग यंत्राची गरज कोणाला? नेहमीचा क्रम असा दिसतो : तपासणीत रक्तदाब वाढलेला निघतो, गृहस्थ घाबरतो, दिवाळीच्या सवलतीत ट्रेडमिल घरी येते, आणि संक्रांतीपर्यंत तिच्या दांड्यांवर टॉवेल वाळू लागतात. या गृहस्थाला वस्तुतः यंत्राची निकड नव्हती. पहाटे घराबाहेर पडून रस्त्याने झपझप चालणे त्याला शक्य होते. खरी निकड असते ती त्याच घरातील स्त्रीची. डबे, नळाचे पाणी, मुलांच्या शाळा, सासूबाईंची औषधे यांतून तिला एकटीने तासभर बाहेर पडण्याची सवड नसते, आणि उजाडण्यापूर्वी वा अंधार पडल्यावर मोकळ्या रस्त्याने फिरण्याची मोकळीक तर पुष्कळ ठिकाणी नसतेच. तिला दुपारी पंधरा आणि रात्री पंधरा मिनिटे मिळाली तरी आठवड्याचे गणित जमते, कारण तुकड्यांनी केलेली हालचालही हिशेबात धरली जाते. म्हणून यंत्र घ्यायचेच, तर ते तिच्या उंचीला, तिच्या गुडघ्यांना व तिच्या सवडीला मानवेल असे घ्यावे. दुकानात मात्र यंत्रावर चढून पाहतो तो बहुधा घरचा पुरुष!

ट्रेडमिलचा पूर्वेतिहास मनोरंजक नाही. १८१८ साली इंग्लंडात विल्यम क्युबिट याने कैद्यांसाठी पावलांनी फिरवायचे चक्र तयार केले. ऑस्कर वाइल्डलाही ते फिरवावे लागले होते. १९५२ च्या सुमारास सिअॅटल येथे डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी हृदयाच्या परीक्षेसाठी विजेच्या पट्ट्याचा उपयोग सुरू केला, तेव्हापासून या यंत्राला वैद्यकीय प्रतिष्ठा लाभली. घरासाठी घेताना जाहिरातीतील मोटारीचा ‘कमाल’ अश्वशक्तीचा आकडा सोडून सतत मिळणारी अश्वशक्ती विचारावी. दोन्हींत पुष्कळ अंतर असते. केवळ चालणाऱ्याला आखूड पट्टा पुरतो. उंच माणसाला पळायचे तर तो ५५ ते ६० इंच हवा. गुडघे दुखणाऱ्याने पळण्याच्या भरीस न पडता पट्ट्याला थोडा चढ द्यावा. चालतानाच दम लागतो. दांड्या धरून चालल्यास श्रम कमी होतात आणि पडद्यावरचा उष्मांकांचा आकडा मात्र तसाच वाढत राहतो. तो आकडा एरवीही फारसा विश्वासार्ह नसतो.

लहान मुले असलेल्या घरात एक गोष्ट विसरता कामा नये. २०२१ साली अमेरिकेत एका मुलाच्या मृत्यूनंतर आणि पट्ट्याखाली ओढले गेल्याच्या कित्येक तक्रारींनंतर एका नामांकित कंपनीला सुमारे सव्वा लाख ट्रेडमिली परत मागवाव्या लागल्या. यंत्राची सुरक्षा-चावी वापर संपताच काढून उंच फडताळात ठेवावी आणि पट्ट्यामागे भिंतीपर्यंत भरपूर मोकळी जागा सोडावी.

वयस्क माणसांसाठी, जाड प्रकृतीच्या व गुडघेदुखीच्या रुग्णांसाठी एका जागी उभी राहणारी सायकल अधिक बरी, असे स्पष्ट म्हणावयास हरकत नाही. तिच्यात शरीराचा भार बैठक उचलते, पडण्याची भीती थोडी, जागा कमी, आणि वीज गेली तरी साध्या सायकलीचे काम अडत नाही. बैठकीची उंची अशी लावावी की पायटा सर्वांत खाली असता गुडघ्यात किंचित बाक उरेल. बैठक फार खाली ठेवल्यानेच कित्येकांचे गुडघे दुखतात व दोष सायकलीला लागतो. चुंबकाने जड होणारे चाक आवाज करीत नाही, पट्ट्याच्या घर्षणाचे झिजते. पाठीला आधार हवा असेल त्यांनी टेकण्याची बैठक असलेली सायकल पाहावी. वल्हवण्याच्या यंत्रात पाय, पाठ व हात एकाच वेळी राबतात. परंतु जोर पायांनी लावायचा हे न शिकता कमरेने ओढणाऱ्याची पाठ धरते. दोरीवरच्या उड्या सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कठीण. चाळिशीनंतर एकाएकी त्या आरंभू नयेत, आणि खालच्या मजल्यावर शेजारी असतील तर त्यांचाही विचार करावा.

ज्यांना खर्च झेपत नाही त्यांना सुताराकडून सहा-आठ इंच उंचीचा भक्कम लाकडी पाट करून घेता येईल. १९४३ साली हार्वर्डमध्ये तरुणांच्या दमसासाची परीक्षा अशाच एका पाटावर, मात्र २० इंच उंचीच्या, मिनिटाला तीस वेळा चढउतार करवून घेतली जात असे. घरच्या माणसाने भिंतीजवळ, हाताला आधार ठेवून, निम्म्याहून कमी गतीने सुरुवात करावी.

छातीत दाटणे, चालताना धाप लागणे, मधुमेह वा रक्तदाब यांपैकी काही असल्यास यंत्र घेण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. २२० मधून वय वजा करून कमाल नाडी काढण्याची रीत स्थूलमानाची आहे. रक्तदाबाच्या व हृदयाच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच मंदावते, त्यांना ती लागू पडत नाही. अशांनी बोलण्याची कसोटीच धरावी.

जुने यंत्र मिळत असेल तर ते घेण्यात कमीपणा नाही. पुष्कळ यंत्रे टॉवेल वाळवण्यापलीकडे झिजलेलीच नसतात. घेण्यापूर्वी दहा मिनिटे चालवून पाहावे. पट्टा एका बाजूस सरकतो का, पाऊल टेकताच अडखळतो का, मोटारीला जळका वास येतो का, सायकलीचे चाक एकसारखे फिरते का, हे पाहावे. शक्य तर यंत्र जिच्यासाठी आहे तिलाच त्यावर चढवावे, आणि पंधरा मिनिटांनी तिचे गुडघे काय म्हणतात ते ऐकून मग पैसे मोजावेत.