कोणतं साल गाण्यांचं?

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला पाच मिनिटं दिली आहेत. छत्तीस वर्षं बँकेत काढल्यामुळे वेळ मोजून वापरायची सवय आहे. तरी दोन-चार मिनिटांचा ओव्हरड्राफ्ट मंजूर करावा, ही विनंती.

सोसायटीची पंचवीस वर्षं, पाण्याची टाकी, पार्किंग, मेंटेनन्सची थकबाकी, या सगळ्यांवर आधीचे वक्ते बोललेच. मी बोलणार आहे आपल्या गेटजवळच्या कट्ट्याबद्दल. तिथं आम्ही सात-आठ म्हातारे रोज संध्याकाळी बसतो. गेल्या पावसाळ्यात तिथं एक वाद सुरू झाला आणि तो अजून मिटलेला नाही. वाद असा, की मराठी गाण्यांचं सगळ्यात मोठं साल कोणतं? हिंदी आम्ही पहिल्याच दिवशी बाद केलं, नाहीतर किशोरकुमार आणि रफी यांच्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं असतं.

आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ गुरुजी, वय ८७. त्यांचं मत १९५५. पुणे आकाशवाणी १९५३ ला सुरू झाली आणि १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीला, गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींचं म्हणजे सुधीर फडक्यांचं संगीत. दर आठवड्याला नवं गीत, वर्षभरात ५६ गीतं. गुरुजी सांगतात, गावात एकच रेडिओ होता, लोक त्याला हार घालायचे आणि चपला बाहेर काढून ऐकायला बसायचे. गुरुजींचा प्रश्न असतो, "असं दुसरं साल दाखवा!" आम्ही गप्प बसतो.

मग एसटीतून रिटायर झालेले आमचे मित्र १९५९ पुढं करतात. त्या साली अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला. वसंत पवारांच्या चालीवरच्या लावण्या घेऊन तो पुण्याच्या विजयानंदला अडीच वर्षांच्या आसपास चालला. कुणी १९६५ म्हणतं, कारण भालजी पेंढारकरांचा 'साधी माणसं'. त्याचं संगीत 'आनंदघन' नावाच्या कुणी दिलं होतं. राज्य पुरस्कार मिळाला तेव्हा लोकांना कळलं की आनंदघन म्हणजे खुद्द लताबाई. सी विंगमधले कृषी खात्यातले साहेब १९७७ सोडायला तयार नाहीत. 'जैत रे जैत', ना. धों. महानोर आणि हृदयनाथ मंगेशकर. महानोर स्वतः शेतकरी, त्यामुळे साहेबांना तो खात्याचाच माणूस वाटतो.

आणि माझा नातू म्हणतो, "आजोबा, २०१६!" 'सैराट'. त्याचंही खोटं नाही. आपल्या इंदापूरच्या पुढं, उजनीच्या पाण्याच्या पलीकडं करमाळा. तिथली माणसं आणि तिथली भाषा पडद्यावर आली, अजय-अतुल यांनी त्या गाण्यांचा वाद्यमेळ थेट अमेरिकेत जाऊन ध्वनिमुद्रित केला, आणि त्या वर्षी आपल्याकडं एक वरात त्या गाण्याशिवाय पुढं सरकली नाही.

मी बँकेचा माणूस. वाद फार वाढला तेव्हा मी वही काढली. प्रत्येकाचं जन्मसाल लिहिलं आणि शेजारी त्याचं आवडतं साल. वजाबाकी केली, तर बहुतेकांचं उत्तर पंधरा ते बावीसच्या दरम्यान! म्हणजे ज्या साली मिसरूड फुटलं, ते साल गाण्यांचं. मी ही वही वाचून दाखवल्यावर दोन दिवस कट्ट्यावर थोडी शांतता होती.

पण मित्रहो, त्या वहीत माझं स्वतःचं खातं मी उघडलंच नव्हतं. मी सगळ्यांना सांगत होतो, माझं साल १९५५. मी जन्मलो १९५१ ला. गीतरामायण सुरू झालं तेव्हा मी चार वर्षांचा, आणि आमच्या इंदापूर तालुक्यातल्या जिरायती गावात तेव्हा रेडिओच नव्हता. म्हणजे माझं मत मिसरुडाचं नव्हतं, ते उसनं होतं. ते का उसनं घेतलं, हे आज सांगायचं आहे.

१९७२ साल. तुमच्यातल्या जुन्या माणसांना वेगळं सांगायला नको. पाऊस झाला नाही, विहिरी आटल्या, जनावरं मिळेल त्या भावानं गेली. मी तेव्हा इथंच टी. सी. कॉलेजला होतो. माझे थोरले बंधू, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठे. ते दुष्काळी कामावर खडी फोडायचे. घरात लाल मिलोची भाकरी. त्यातूनच माझा डबा एसटीनं बारामतीला यायचा. माझी फी कुठून जाते, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही कधी सांगितलं नाही.

त्याच साली 'पिंजरा' आला. जगदीश खेबूडकरांची गाणी, राम कदमांचं संगीत. आणि त्याच साली दादा कोंडके यांचा 'एकटा जीव सदाशिव' आला, त्यालाही संगीत राम कदमांचंच. जरा विचार करा, एकाच माणसानं एका वर्षात महाराष्ट्राला एकीकडं रडवलं आणि दुसरीकडं हसवलं, तेही पोटात अन्न नसताना. ७३ च्या उन्हाळ्यात, गावच्या जत्रेला टुरिंग टॉकीज आली. अण्णांनी मला सुट्टीला बोलावून घेतलं आणि तंबूत नेऊन 'पिंजरा' दाखवला. खाली मातीत बसून. त्यांच्या हाताला खडीचे घट्टे होते. घरी येताना अंधारात ते चाल गुणगुणत होते आणि मी मागून पाय ओढत चाललो होतो. दुसऱ्या दिवशी पहाटे ते पुन्हा खडीवर.

१९७५ ला मी बँकेत लागलो. बदल्या झाल्या, ऑफिसर झालो, क्वार्टर मिळालं. टेपरेकॉर्डर घेतला. साहेब लोकांच्या घरी गीतरामायण असायचं, भावगीतं असायची, म्हणून मीही त्याच कॅसेट आणल्या. त्या मला मनापासून आवडल्या, हे खोटं नाही. पण त्याबरोबर दुसरं एक शिकलो, की लावणी आणि दादांची गाणी ही आपल्या घरात वाजवायची नाहीत.

एकदा अण्णा गावाकडून आले. पिशवीत शेंगा, हुरडा आणि एक कॅसेट. आल्या आल्या त्यांनी ती लावली. दादा कोंडक्यांची गाणी. संध्याकाळी आमचे मॅनेजर सहकुटुंब चहाला यायचे होते. मी बटण दाबलं आणि म्हणालो, "अण्णा, इथं हे नको. लोक येतात." ते काही बोलले नाहीत. कॅसेट काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि पिशवीत ठेवली. पुढं ते अनेकदा माझ्याकडं राहिले, पण माझ्या घरात त्यांनी पुन्हा कधी गाणं लावलं नाही. मला ते बरेच दिवस लक्षातही आलं नाही.

अण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली. दिवसकार्य आटोपल्यावर पुतण्यानं त्यांची पत्र्याची पेटी माझ्यापुढं ठेवली. "काका, तुमच्या कामाच्या असतील तर न्या." कॅसेट होत्या. दादा कोंडके, प्रल्हाद शिंदे, लावण्या. आणि खाली गीतरामायण. माझ्याकडं ऐकलं, म्हणून त्यांनी ते विकत आणलं असणार. सगळ्यात जास्त झिजलेली कॅसेट तीच होती. माझ्या गाण्यांना त्यांच्या पेटीत जागा होती. त्यांच्या गाण्याला माझ्या घरात नव्हती.

तर मंडळी, आज या व्यासपीठावरून मी माझं मत अधिकृतपणे बदलतो. गुरुजी, माफ करा. १९५५ मोठंच आहे, पण माझं साल १९७२. वहीप्रमाणं वजाबाकी केली तर उत्तर एकवीस येतं, म्हणजे मीही त्याच नियमात बसलो! हिशेब जुळायला पन्नास वर्षं लागली, एवढंच. गाण्याचं साल किती कॅसेट खपल्या यावर ठरवायचं, तर आकडे काढता येतील. पण दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसाला रात्री गुणगुणत घरी यायला लावलं, हे कोणत्याही ताळेबंदात दाखवता येत नाही.

शेवटी एक विनंती, आणि ती खासकरून माझ्यासारख्या शिकलेल्या मंडळींना. आपल्या या सोसायटीत पंचवीस वर्षांत गावोगावची माणसं येऊन राहिली. कुणाच्या खिडकीतून अभंग येतो, कुणाच्या लावणी, कुणाच्या पोरांचं ते ढँगढँग. रात्री दहानंतर आवाज बंद, हा नियम आहेच आणि तो पाळलाच पाहिजे. पण दहाच्या आत शेजाऱ्याचं गाणं आपल्याला हलकं वाटलं, म्हणून खिडकी आपटू नका. आणि घरी आलेल्या भावाला तर बटण बंद करून दाखवूच नका.

आज जेवणानंतर पोरांनी गाण्यांचा कार्यक्रम ठेवला आहे. त्यांना मी यादी दिली आहे. गुरुजींचं ५५, एसटीवाल्यांचं ५९, कृषीसाहेबांचं ७७, नातवाचं २०१६, सगळं आहे. 'पिंजरा' मात्र पहिला लावायचा, एवढा अधिकार वयाच्या नात्यानं मी घेतला आहे.

ओव्हरड्राफ्ट संपला. सोसायटीला सुवर्णमहोत्सवासाठी शुभेच्छा देतो आणि माझे दोन शब्द संपवतो.