गव्हाचा कण आणि भाकरीचं ताट

(मुंबईतल्या माहुल येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान, थोडं संक्षेपाने)



माहुलमध्ये आरोग्याचा विषय काढला की बोलणं हवेवर येतं. रिफायनऱ्यांच्या शेजारी राहणाऱ्यांनी ते बोललंच पाहिजे. आज मी मात्र ताटाबद्दल बोलणार आहे. सिलिअ‍ॅक नावाचा एक आजार आहे. गहू, जव आणि युरोपातली राय या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. ते जन्मभर वर्ज्य करायचं, एवढाच त्यावरचा इलाज. हा इलाज आपल्या चुलीपाशी स्वस्तात होतो. पण तो रोग्याने एकट्याने करायचा नसतो, सगळ्या घराने करायचा असतो, हे मला आज सांगायचं आहे.

आपल्या लहान आतड्याच्या आतल्या अस्तरावर मखमलीसारखी लव असते. अन्नातलं सत्त्व तीच शोषून घेते. सिलिअ‍ॅकच्या माणसाने ग्लुटेन खाल्लं की त्याच्या शरीराची संरक्षक यंत्रणा या लवेवरच तुटून पडते आणि ती झिजून सपाट होते. मग पोरगं खातं भरपूर, पण अंगी लागत नाही. कुणाला जुलाब होतात, कुणाचं पोट फुगतं, तर कुणाचं पोट ठणठणीत असतं आणि फक्त रक्त कमी असतं. लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊनही हिमोग्लोबिन हलत नसेल, तर डॉक्टरांना या आजाराबद्दल विचारा. आधी रक्ताची टीटीजी तपासणी होते, मग गरजेप्रमाणे दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासतात. एक पथ्य उलटं आहे. तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका. नाहीतर आजार असूनही अहवाल कोरा येईल.

दोष गव्हाकडे जातो हे दाखवून दिलं ते विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. त्याला आधीपासून संशय होताच. 1944-45च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, तेव्हा या आजाराची मुलं सावरलेली दिसली. पाव परतला तशी ती पुन्हा ढासळली. त्याचा प्रबंध 1950चा.

आपल्या देशाचं चित्रही बोलकं आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उत्तर भारतात हजारी साधारण साडेआठ माणसांना हा आजार आढळला, दक्षिणेत दहा हजारी एखाद्याला. आजाराला लागणारी जनुकं दोन्हीकडे जवळजवळ सारख्याच प्रमाणात, तिघांत एकाकडे होती. ताट मात्र वेगळं होतं, उत्तरेत गव्हाचं आणि दक्षिणेत भाताचं. माहुलमध्ये ही दोन्ही ताटं आहेत. गावठाणात आगरी-कोळ्यांच्या घरी तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण, तर पुनर्वसन वसाहतीत अनेकांकडे दोन्ही वेळा चपाती.

रोगी काय खाणार, ही काळजी आधी सोडा. भात, तांदळाची, ज्वारीची, बाजरीची, नाचणीची भाकरी, घावन, डाळी, मासळी, अंडी, दूध, भाज्या, उकडीचे मोदक, नारळीभात, सगळं चालतं. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा म्हणजे उपासाचं अख्खं फराळाचं ताटही चालतं. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि या रोग्यांची हाडं ठिसूळ होतात, म्हणून नाचणी मुद्दाम खावी. पाकिटातली ग्लुटेनमुक्त बिस्किटं प्रवासापुरती ठीक. आणि ज्याला हा आजार नाही, त्याने बारीक होण्यासाठी गहू सोडण्याचं कारण नाही.

खरी अडचण लपलेल्या गव्हाची. एका पोळीत दोन-अडीच ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज 50 मिलिग्रॅम पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते, असं अभ्यासात दिसलं आहे. म्हणजे पोळीचा पन्नासावा भाग! एवढा गहू कुठूनही येतो. हिंगाच्या डबीवरचे घटक वाचा. बांधणी हिंगात कधी तांदळाचं, तर कधी गव्हाचं पीठ असतं. मेतकूट, थालिपिठाची भाजणी, सातूचं पीठ, ईस्ट इंडियन मंडळींचा बॉटल मसाला, यांत गहू पडतो. चायनीजच्या गाडीवरच्या सोया सॉसमध्ये तो असतो, माल्टच्या पावडरीत जव असतात. घरी बोंबील तांदळाच्या पिठात घोळवता, हॉटेलात त्याला रवा लागतो. सत्यनारायणाचा प्रसादही रव्याचाच. खपली गहू हाही गहूच. ‘जुनं धान्य आहे, बाधत नाही’ यावर विश्वास ठेवू नका.

आता गिरणीत चला. गव्हाचं दळण संपतं आणि त्याच जात्यात तुमचे तांदूळ ओततात. पहिलं शेर-दोन शेर पीठ मिसळीचं येतं. उपासाचं दळण आपण वेगळं दळून आणतोच ना? तीच शिस्त इथे रोज पाळायची. जमलं तर घरघंटी घ्या किंवा जिथे गहू दळतच नाहीत अशी गिरणी गाठा. घरी रोग्याचा तवा, परात आणि चाळण वेगळी ठेवा. लाकडी पोळपाटाच्या भेगांत बसलेली कणीक धुऊन जात नाही. स्वयंपाक त्याचा आधी करा. पाकिटावर ‘ग्लुटेनमुक्त’ असेल, तर किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसावं, असा आपल्याकडचा नियम आहे.

सगळ्यांत अवघड असतं माणसांना आवरणं. ‘एक घास खा गं, काही होत नाही’ असं मावशी प्रेमाने म्हणते. घास खाल्ल्यावर त्या दिवशी अनेकदा खरंच काही होत नाही, म्हणून मावशीचं म्हणणं खरं वाटतं. आतडं मात्र आतून झिजत राहतं. हळदीच्या, साखरपुड्याच्या पंगतीत अशा पाहुण्याचं पान आधी, स्वच्छ पळीने वाढा. तेवढं केलं तरी तो चारचौघांत जेवू शकेल. घरात एकाला आजार निघाला तर आईवडील आणि भावंडांचीही तपासणी करून घ्या.

शेवटी एक मागणी. 2013च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ, गहू आणि भरड धान्य अशी तिन्ही धान्यं धरली आहेत. मग डॉक्टरांचा दाखला असलेल्या रोग्याच्या वाट्याचा गहू तांदळात किंवा ज्वारीत बदलून का मिळू नये? पाकिटातलं पीठ ज्याला परवडत नाही, त्याचं सगळं पथ्य या बदलावर उभं आहे. इथल्या मंडळांनी शिधावाटप कार्यालयाला तसं निवेदन द्यावं. मसुदा लिहायला मी बसतो. सह्या तुम्ही गोळा करा.