बंधाऱ्याच्या दाराचं रबर

शहाद्याहून गोमाईचा पूल ओलांडला की आमचं लोणखेडा. सातपुड्यातून उतरलेली ही नदी पुढे प्रकाशाजवळ तापीला मिळते. पावसाळ्यात दुथडी भरून वाहते आणि नंतर तिच्या पात्रातले गोटे मोजता येतात. अशा नद्यांचं जाता जाता राहिलेलं पाणी धरून ठेवण्यासाठी आपल्याकडे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आले. आज मी त्या बंधाऱ्याच्या एका किरकोळ वाटणाऱ्या भागाबद्दल बोलणार आहे. दारांच्या कडेला बसवलेली रबराची पट्टी. विषय ऐकून कुणाला हसू येईल, पण गव्हाला शेवटचं पाणी मिळणार की नाही, हे बऱ्याचदा ही पट्टीच ठरवते.

या बंधाऱ्याची रचना आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. नदीत ओळीनं खांब, खांबांना उभ्या खाचा आणि त्या खाचांत वरून सोडलेले बरगे. पूर्वी हे बरगे लाकडी होते. फळ्यांच्या दोन ओळी लावायच्या आणि मध्ये चिकणमाती ठासून भरायची. लाकडाचा एक मोठा गुण असा, की ते भिजलं की फुगतं आणि आपली फट आपणच बुजवतं. पुढे लाकूड महाग झालं, कुजू लागलं, म्हणून लोखंडी दारं आली. साधारण दोन मीटर लांब, अर्धा मीटर उंच, एकावर एक रचायची. लोखंड काही फुगत नाही. म्हणून त्याच्या कडेला रबर आलं.

आता थोडा हिशोब करू. बंधाऱ्यात दोन मीटर पाणी उभं आहे आणि सर्वांत खालच्या दाराखाली, दोन मीटर लांबीत, फक्त एक मिलिमीटरची फट आहे. एक मिलिमीटर म्हणजे आपल्या नखाहून थोडी जाड. एवढ्या फटीतून सेकंदाला सुमारे सात लिटर पाणी निघून जातं. दिवसाचे सहा लाख लिटर होतात. एका एकराला तीन इंच पाणी द्यायचं तर तीन लाख लिटर लागतं. म्हणजे एका गाळ्यातली एक फट रोज दोन एकरांचं पाणी वाहून नेते. पाणी उतरत जाईल तशी गळती कमी होते हे खरं, पण तोवर आपलं पाणीही उतरलेलं असतं! आणि बंधाऱ्याला गाळा एकच नसतो.

गहू नोव्हेंबरच्या मध्याला पेरला, तर मुकुटमुळं फुटण्याच्या वेळचं पाणी एकविसाव्या दिवसाच्या आसपास, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात द्यावं लागतं. ते बहुतेकांना मिळतं. दाणा भरताना लागणारं पाणी फेब्रुवारीत येतं आणि नेमका तेव्हा बंधारा कोरडा असतो. केळी आणि पपईवाल्यांची गोष्ट तर वेगळीच, त्यांना उन्हाळाही काढायचा असतो. बंधाऱ्यात पाणी असेल तर आजूबाजूच्या विहिरींना आधार मिळतो. तो सुटला की खर्च बोअरवर जातो.

रबर खराब का होतं? लोकांना वाटतं, पाण्यात राहून. तसं नाही. पाण्यात ते सुखात असतं. त्याला मारतं ते ऊन आणि हवेतला ओझोन. फेब्रुवारीत पाणी उतरतं, पण दारं मेअखेरपर्यंत खाचांतच उभी असतात. खानदेशातला ४४-४५ अंशांचा उन्हाळा ती पट्टी उघड्यावर सोसते. मग पावसाच्या तोंडावर घाईघाईनं दारं काढायची, काठावर थप्पी मारायची, आणि सगळ्यांत खालच्या दाराच्या रबरावर वरच्या सगळ्यांचं वजन. चार महिने दाबून ठेवलेलं रबर चपटं होतं ते होतंच, पुन्हा उभारत नाही. माझं म्हणणं असं, की बंधारा कोरडा पडला की त्याच आठवड्यात दारं काढावीत. जूनची वाट कशाला पाहायची? छपराखाली, उभी, रबराची कड मोकळी राहील अशी ठेवावीत. छप्पर नसेल तर निदान जाड ताडपत्री. चोरीची भीती आहेच. भंगारवाल्याच्या काट्यावर गेलेली दारं परत येत नाहीत, त्यामुळे गावाजवळची जागा बरी.

आणखी एक खोड आपल्याकडे फार आहे. दार खाचेत नीट सरकत नाही म्हटलं, की ट्रॅक्टरमधून काढलेलं काळं ऑइल रबराला चोपडायचं. ते कृपया करू नका. डिझेल, ग्रीस, ऑइल या सगळ्यांनी रबर फुगतं, मऊ पडतं आणि मग तुकड्या-तुकड्यांनी निघतं. सरकायला साबणाचं पाणी पुरेसं आहे. ठेवताना धुऊन, वाळवून शंखजिऱ्याची पूड चोळावी.

घरातल्या बायकांना हे सांगावं लागत नाही. कुकरची रिंग सैल झाली, तडकली, की शिटी होत नाही हे त्यांना ठाऊक असतं. परदेशात तर चाकांवरची घरं असतात. मुक्कामी पोचल्यावर बटण दाबलं की खोलीची एक भिंत पलंगासकट बाहेर सरकते. त्या सरकत्या भिंतीच्या चारही कडांना असंच रबर असतं, आणि ते वाळलं तर पावसाचं पाणी थेट अंथरुणात! आपल्या राज्यानंही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हा ती वाहनं इकडेही दिसू लागतील. रबराची निगा मात्र दोन्हीकडे सारखीच. स्वच्छ ठेवा, तेलापासून दूर ठेवा, उन्हात दाबून ठेवू नका.

पट्टी बदलायची की नाही हे कसं ओळखायचं? अंगठ्यानं दाबून पाहा. खड्डा लगेच भरून आला तर ती जिवंत आहे. मग दुमडून पाहा. दुमडीवर केसासारख्या भेगा दिसल्या तर ती हंगाम काढणार नाही. गळती बहुधा कोपऱ्यातून सुरू होते, कारण तिथे दोन तुकडे नुसते टेकवलेले असतात. ते तिरके कापून नीट चिकटवायला हवेत. पट्टीवरची लोखंडी चिप आणि तिचे बोल्ट जोर लावून आवळले तर रबर दोन बोल्टांच्या मध्ये फुगून वर येतं आणि तिथेच फट पडते. सगळे बोल्ट सारखे, बेताचे आवळावेत.

नवं रबर लावूनही पाणी गळतं अशी तक्रार येते, तेव्हा दोष बहुतेक रबराचा नसतो. खाचेत वाळू, शिंपले, गंजाचे पापुद्रे बसलेले असतात, किंवा पुरानं तळाचा उंबरा झिजलेला असतो. खडबडीत उंबऱ्यावर कितीही चांगली पट्टी टेकत नाही. तारेच्या ब्रशनं खाच घासायची आणि उंबऱ्यावरून हात फिरवून पाहायचा. खळगा लागला तर आधी सिमेंटनं तो भरायचा. दारं साधारण १५ ऑक्टोबरच्या सुमारास बसतात, म्हणून ही कामं दसऱ्याच्या आधीच उरकलेली बरी. बसवल्यावर गळती दिसलीच तर वरच्या अंगानं फटीजवळ राख आणि लाकडाचा भुसा सोडावा, पाणीच तो ओढून फटीत बसवतं. प्लास्टिकचे कागद कोंबू नयेत, ते पुढे नदीतच जातात.

हे करायचं कुणी, हा खरा कळीचा प्रश्न. एखादा बंधारा जिल्हा परिषदेचा, एखादा जलसंधारणचा, एखादा जलसंपदाचा, आणि रबराचं अंदाजपत्रक मंजूर होईतो पाणी सुरतेला पोचतं. आपल्याच खानदेशात पांझरेकाठी फड पद्धतीत पाटकरी, जागल्या नेमलेले असत आणि बंधाऱ्याची डागडुजी शेतकरी मिळून करत. २००५ च्या कायद्यानं पाणीवापर संस्थांना अधिकार दिले आहेत. संस्था असेल तिथे ठराव करून, नसेल तिथे दोन्ही काठच्या बागायतदारांनी वर्गणी काढून हे होऊ शकतं. दुकानात जाताना जुन्या पट्टीचा वीतभर तुकडा सोबत न्या. जाडी आणि गोळ्याचा आकार तोंडी सांगून जमत नाही, आणि अर्धा सेंटिमीटर जास्त जाड पट्टी आणली तर दार खाचेत उतरतच नाही.