ग्रंथालय : एक ज्ञानभांडार



डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन फैजपूर येथे पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले. त्यासाठी अहोरात्र झटलेल्या धनाजी नाना चौधरी यांचे नाव १९६१ साली स्थापन झालेल्या येथील महाविद्यालयास लाभले. विकत घेणे न परवडणारे ग्रंथ शेतकऱ्यांच्या मुलांच्या हाती देणे, हेच अशा महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचे खरे कार्य होय.

आपल्या परंपरेत ज्ञानपंचमीस भांडारातील पोथ्या उघडून स्वच्छ करतात. कारण घडी न मोडलेल्या वस्त्राप्रमाणे बंद पोथीलाही कसर लागते. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांनीही १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांत ग्रंथांच्या वापरालाच अग्रस्थान दिले. म्हणून कपाट देणगी दिल्याने कर्तव्य संपत नाही. घरातील मुलांना ग्रंथालयाची पायरी चढावयास लावणे, हेच खरे ज्ञानदान!

जय जिनेंद्र!