गावची बाग आणि गावचाच माणूस

(रौप्यमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत सोसायटीच्या सभागृहात केलेले भाषण. सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



आपल्या सोसायटीत कोकणातली घरं किती हे मोजायला जनगणना नको. गणपतीत आणि मे महिन्यात किती दारांना कुलूप दिसतं ते पाहिलं की झालं! या प्रत्येक कुलपामागे गावाकडे थोडीफार जमीन आहे, दहा-वीस कलमं आहेत आणि एक प्रश्न आहे: आपण इथे, बाग तिथे, मग बघायचं कोणी? आजचा माझा विषय हाच आहे. मी शेतीतज्ज्ञ नाही. राजापूर तालुक्यात डोंगरउतारावर आमची वडिलोपार्जित बाग आहे आणि वडिलांच्या मागे ती मी सांभाळतो. सांभाळतो म्हणजे काय, सांभाळणारा माणूस सांभाळतो!

आधी उताराबद्दल सांगतो. कोकणात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सपाटीवर हे पाणी मुरतं, उतारावर ते माती घेऊन पळतं. खाली राहतो नुसता जांभा. म्हणून उतारावर प्रत्येक कलमाच्या खालच्या अंगाला दगडांचा अर्धगोल बांध घालतात, वरच्या अंगाला चर मारतात आणि ते दरवर्षी दुरुस्त करतात. एखादा बांध जूनमध्ये फुटला आणि आपल्याला ते गणपतीत कळलं, तर मधल्या काळात त्या झाडाची मुळं उघडी पडलेली असतात. हे काम फोनवरून होत नाही. त्याला पावसात इरलं किंवा रेनकोट घालून बागेत फिरणारा माणूस लागतो.

हा माणूस शक्यतो गावातलाच असावा असं माझं मत आहे. रत्नागिरीकडच्या मोठ्या बागांत आता नेपाळी गडी राखणीला असतात. ती माणसं कष्टाळू आहेत, त्यांच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण आपल्या चाळीस-पन्नास कलमांच्या बागेची गरज वेगळी असते. फेब्रुवारीपासून वणव्याची भीती सुरू होते. पलीकडच्या सड्यावर धूर दिसला की कोणाला हाक मारायची, कोणाच्या विहिरीवरून पाणी आणायचं, हे गावच्या माणसाला विचारावं लागत नाही. त्याच्या एका हाकेसरशी वाडी जमते. पऱ्याचं पाणी कुठून फुटतं, कुठल्या कुंपणातून रानडुक्कर शिरतं, वानरं कुठल्या बाजूने उतरतात, हे त्याला लहानपणापासून पाठ असतं.

आमच्या बागेत जे काम करतात त्यांना सगळी वाडी काका म्हणते, मीही म्हणतो. चार वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाच्या मनात आलं की जेसीबी आणून उताराला सरळ पायऱ्या पाडाव्यात, म्हणजे गाडी वरपर्यंत जाईल. ठेकेदारही तयार होता. काका एवढंच म्हणाले, "भाऊ, बाग तुमची. पण डोंगराचा पाय कापू नका. खाली माझं घर आहे, आणि आणखी सात घरं आहेत." 2021 च्या जुलैमध्ये महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली, ते आपण सर्वांनी टीव्हीवर पाहिलं होतं. भाऊ गप्प बसला. जेसीबी आली नाही. गाडी अजून खालीच थांबते आणि आम्ही चालत वर जातो. मला त्या दिवशी एक गोष्ट लख्ख दिसली. त्या डोंगराच्या बऱ्या-वाइटात आपला फक्त पैसा असतो, त्यांचं घरदार असतं.

आता व्यवहाराचं बोलतो, कारण गोडीचे संबंध व्यवहार चोख असेल तरच टिकतात.

पहिली गोष्ट, माणूस मे महिन्यात ठरवू नका. तेव्हा झाडाला आंबा असतो आणि प्रत्येकाला बाग छान दिसते. गणपतीनंतर, गवत कमरेएवढं असताना त्याला बागेतून फिरवा आणि आपण कमी बोला. जो कलमाच्या बुंध्याशी वाकून भुसा पडलाय का पाहतो, तो भिरूड ओळखतो. जो कलमाच्या सांध्याखाली आलेली फूट जाता जाता काढून टाकतो, तो कामाचा माणूस. बांडगुळाकडे ज्याची नजर आपोआप जाते, त्याला दुसरं काही विचारू नका.

दुसरी गोष्ट, काम महिन्यांवर ठरवा. मिरगाच्या सुमारास खत आणि बांध. पावसाळा संपला की गवत काढणं, आणि बागेभोवती दहा-बारा फुटांचा पट्टा मोकळा करणं, म्हणजे वणवा आत येणार नाही. थंडीत मोहोरावर लक्ष. उन्हाळ्यात नव्या कलमांना पहिली दोन-तीन वर्षं पाणी आणि बुंध्याशी वाळल्या गवताचं आच्छादन. मग काजू, मग आंबा. आंबा चौदा आणे तयार झाला की देठासकट झेल्याने उतरवायचा, उन्हात तापत ठेवायचा नाही, नाहीतर साक्याचा धोका वाढतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने सुधारलेला नूतन झेला मिळतो, तो जरूर घेऊन द्या.

तिसरी गोष्ट पैशांची, आणि इथे आपल्यापैकी अनेकांच्या मनात एक भीती असते: "माणूस ठेवला तर कूळ लागेल." या भीतीपोटी कितीतरी बागा ओस पडल्या. 1948 च्या कूळकायद्यात पाहिलं तर, पिकाचा वाटा न घेता रोख किंवा वस्तूरूपाने मजुरी घेणारा नोकर मानीव कूळ धरला जात नाही. म्हणून वाट्याने बाग देण्याच्या तोंडी गोष्टी करू नका. महिन्याचा पगार ठरवा, तो त्याच्या बँक खात्यात भरा, आणि एक साधा करार लिहून दोघांच्या सह्या करा. आपल्या कागदपत्रांपुरतं वकिलाला विचारून घ्या. करारामुळे आपली झोप नीट लागते हे खरं, पण त्याचाही पगार ठरल्या तारखेला येतो हे जास्त महत्त्वाचं. "मे महिन्यात आलो की देतो" हा पगार नव्हे. चुलीला मे महिन्याची वाट पाहता येत नाही. घरी खायला आंब्याची पेटी, काजूगर हे प्रेमाने द्याच, पण ते पगारात धरू नका.

चौथी गोष्ट, घरातल्या बाईचं काम वेगळं मोजा. काजू बी गोळा करणं, वाळवणं, पडलेला आंबा निवडणं, हे बहुतेक ठिकाणी काकू करतात आणि पैसे मात्र काकांच्या नावाने जातात. आमच्याकडे आता दोन खात्यांत दोन रकमा जातात. पहिल्या महिन्यात काकूंनी फोन करून विचारलं, "हे चुकून आले काय?" मी म्हटलं, "नाही काकू, तुमचेच आहेत." त्यावर त्या बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत.

पाचवी गोष्ट, विमा. आंब्याच्या झाडावरून पडणं ही कोकणात नवी गोष्ट नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं, वय 18 ते 70. बँकेत खातं असलं की झालं. 20 रुपये म्हणजे आपल्या नाक्यावरचा एक वडापाव! ते आपण भरावेत, आणि जाड दोर, चांगल्या चपला, हातमोजेही आपणच द्यावेत.

शेवटचा मुद्दा मला जास्त काळजीचा वाटतो. काका आता एकसष्ट वर्षांचे आहेत. मुलगा पुण्यात कंपनीत लागला, चांगलं झालं. पण काकांच्या डोक्यात जे आहे ते कोणत्याच वहीत नाही. म्हणून या वर्षापासून वाडीतला एक बारावी झालेला मुलगा आम्ही त्यांच्या हाताखाली घेतला आहे. वर्षभर दोन पगार जातील. भावांमध्ये यावर चर्चा झाली, आवाजही थोडे चढले! पण हिशेब मांडला तेव्हा सगळ्यांना पटलं. बाग एकदा रानात गेली की ती परत काढायचा खर्च कितीतरी मोठा आहे, आणि गेलेली माहिती कुठल्याच किमतीला परत मिळत नाही. त्या मुलाला गावातच महिन्याचा पगार मिळाला तर एक तरी घर उघडं राहील.

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. वॉचमन, सफाई कर्मचारी, आपल्या कुंड्या आणि कडुलिंब जगवणारे माळीबुवा, यांचा दिवाळीचा बोनस आपल्या सर्वसाधारण सभेत आजवर एकमताने मंजूर झाला आहे. पार्किंगवर इतकं एकमत कधी झालेलं मला तरी आठवत नाही! हीच रीत गावच्या बागेपर्यंत न्यावी, एवढीच विनंती.

महिनावार कामांचा तक्ता आणि कराराचा नमुना मी सोसायटीच्या ऑफिसात ठेवला आहे. ज्यांना हवा त्यांनी झेरॉक्स काढून घ्यावी. या गणपतीत गावी जाल तेव्हा बागेत एक फेरी मारा, एकट्याने नको, तिथल्या माणसाला बरोबर घेऊन.