मागायचे कसे आणि द्यायचे कसे
(स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



'भारताचे परराष्ट्र धोरण' हा विषय संयोजकांनी मला दिला, तेव्हा मागच्या बाकावरून लगेच विचारणा झाली, "जेवणाआधी की जेवणानंतर?" म्हणून मी हा विषय आपल्या दोन तालुक्यांतल्या दोन माणसांच्या आधाराने मांडतो.

११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोदे गावी विनोबा भावे जन्मले. त्यानंतर चार महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ रोजी, महाडजवळच्या नाते गावी चिंतामणराव देशमुख जन्मले. त्यांचे बालपण रोह्यात गेले. एक संत झाला, दुसरा आय.सी.एस. अधिकारी. पण दोघांनाही परक्यांसमोर उभे राहून काही मागावे लागले. आपला देश महासत्ता नाही आणि कुणी ढकलून द्यावा इतका लहानही नाही. अशा देशाने जगात मागावे कसे, हे या दोघांकडून शिकता येते.

आधी रोह्याकडे वळू. १९४३ मध्ये चिंतामणराव रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. महायुद्ध चालू होते. ब्रिटन युद्धासाठी भारतातून कापड, धान्य, पोलाद उचलत होते. त्याचे पैसे लंडनमध्ये पौंडांत भारताच्या नावे मांडले जात, आणि त्या पौंडांच्या आधारावर इथे रुपयांच्या नोटा छापल्या जात. माल देशाबाहेर गेला, नोटा देशात वाढल्या, भाव भडकले. त्याच वर्षी बंगालमध्ये दुष्काळ पडून लाखो माणसे मेली. लंडनच्या वहीतली आपली बाकी युद्ध संपेपर्यंत सुमारे १,७०० कोटी रुपयांवर गेली. कागदावर भारत धनको झाला होता. पण ती बाकी साठली होती इथल्या माणसांच्या उपासातून. आणि ती वही सांभाळायची जबाबदारी होती चिंतामणरावांकडे.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांची परिषद भरली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा जन्म तिथलाच. भारत अजून स्वतंत्र नव्हता. आपल्या शिष्टमंडळाचे प्रमुख सर जेरेमी रेझमन हे इंग्रज होते. चिंतामणराव, षण्मुखम् चेट्टी आणि ए. डी. श्रॉफ हे त्यात होते. चर्चिल यांच्या मनात होते की भारताचे रक्षण आम्ही केले, त्याची किंमत या देण्यातून वळती करून घ्यावी. आपल्या लोकांनी उलट मागणी केली, की युद्धकाळातल्या या बाक्यांचा काही भाग तरी नाणेनिधीमार्फत वापरता यावा.

ती मागणी फेटाळली गेली. तुमचे तुम्ही दोघे बघून घ्या, असे ठरले. गरीब देशांच्या विकासाला मदत हे नाणेनिधीचे उद्दिष्ट म्हणून स्पष्ट लिहावे, ही भारताची सूचनाही जशीच्या तशी मान्य झाली नाही. मात्र सर्व सदस्य देशांच्या उत्पादक साधनांचा विकास, हे शब्द उद्दिष्टांत आले. नाणेनिधीत आपला वाटा ४० कोटी डॉलरचा ठरला. क्रमवारीत आपण सहावे होतो. सोव्हिएत रशिया बाहेर राहिल्याने पाचवे झालो आणि संचालक मंडळात आपली खुर्ची पक्की झाली. १९५० मध्ये या दोन्ही संस्थांच्या पॅरिसच्या वार्षिक सभेचे अध्यक्ष चिंतामणराव होते.

म्हणजे मोठी मागणी हरली, पण जागा मिळाली. घरात दुसऱ्याची सत्ता असताना ही माणसे पक्का हिशेब घेऊन गेली, दान मागितले नाही, देणे मागितले. आणि ब्रिटनशी नाते तोडून टाकले नाही. पुढे टप्प्याटप्प्याने ती बाकी वसूल होत गेली. तोटाही सोसावा लागला. १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले, तेव्हा शिल्लक पौंडांची डॉलरमधली किंमत एका फटक्यात ३०.५ टक्क्यांनी उतरली. दुसऱ्याच्या चलनात अडकलेला पैसा पूर्णपणे आपला नसतो, हे तेव्हा कळले.

आता पेणकडे येऊ. विनोबांची मागणी निराळी होती. त्यांचे कुणाकडे काही येणे नव्हते. सप्टेंबर १९६२ मध्ये आसामातून परतताना ते पूर्व पाकिस्तानातून सोळा दिवस पायी चालले. दोन्ही देशांत फाळणीच्या जखमा ताज्या होत्या. विनोबांनी तिथल्या शेतकऱ्यांकडे जमीन मागितली, तीही तिथल्याच भूमिहीनांसाठी. लोकांनी ती दिली. स्वतःसाठी काहीच न मागणारा पाहुणा आला तर सीमेपलीकडचे दारही उघडते, हा अनुभव मला मोलाचा वाटतो.

हे जुने आज का उगाळायचे? कारण आता वही उलटली आहे. मे २०२३ मध्ये शांघाय सहकार्य संघटनेच्या बैठकीला रशियाचे परराष्ट्रमंत्री लावरोव्ह गोव्यात आले होते. भारतीय बँकांत आमचे अब्जावधी रुपये साठले आहेत, ते वापरता आले पाहिजेत, असे ते म्हणाले. आपण रशियाचे तेल घेतो, त्यांना आपल्याकडून घेण्यासारखे तेवढे सापडत नाही. लंडनमध्ये आपली बाकी अडकली होती. आता आपल्याकडे दुसऱ्याची अडकते.

याची दुसरी बाजू श्रीलंकेत दिसली. २०२२ मध्ये इंधन आणायलाही तिच्याकडे परकी चलन उरले नाही, तेव्हा भारताने सुमारे ४ अब्ज डॉलरची मदत केली. जानेवारी २०२३ मध्ये कर्जफेडीत सवलत देण्याची हमी नाणेनिधीला देणारा पहिला धनको देश भारतच होता. चिंतामणराव आणि त्यांचे सहकारी ज्या संस्थेत आपला वाटा मागायला गेले होते, तिथेच आपण शेजाऱ्यासाठी शब्द टाकला.

परराष्ट्र धोरण म्हटले की आपण टीव्हीवरच्या मिठ्या आणि धमक्या बघतो. मला वाटते, आपल्यासारख्या देशाची खरी परीक्षा दोन वेळा होते: आपले येणे मागताना मान ताठ राहते का, आणि दुसरा मागायला आला तर त्याची मान खाली जाऊ नये याची काळजी आपण घेतो का. लहान शेजाऱ्याला केलेली मदत चारचौघांत बोलून दाखवली, तर ती त्याच्या मनात कर्ज म्हणूनच राहते. नेपाळ, बांगलादेश, मालदीव यांच्याशी वागताना हे विसरून चालणार नाही.

आपल्या शाळेतला एखादा विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी उद्या अशा बैठकीत भारताच्या बाजूने बसेल. गुरुजनांना माझी विनंती एवढीच आहे, की इतिहासाच्या तासाला त्या मुलांना रोह्याच्या चिंतामणरावांची वही आणि गागोद्याच्या विनोबांची ती सोळा दिवसांची वाट जरूर सांगा. हिशेब पक्का हवा आणि समोरच्याच्या घरची चूल पेटली की नाही, याचीही खबर हवी.